‘९० दिवस ताक-पेज आणि कोलायटिस कायमचा बरा’ या मेसेजला माझं उत्तर

गेल्या दोन महिन्यांत हा मेसेज मला सात जणांनी पाठवलाय. सगळ्यांनी मायेनेच पाठवलाय, त्यांना माहितीये की मला २०१३ पासून अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणून मी आजपर्यंत कुणाला काही बोलले नाही, थँक्यू म्हणून सोडून दिलं. पण परवा आत्याचा फोन आला की त्यांच्या शेजारच्या काकूंचा मुलगा, वय १९, तेवीस दिवस झाले या मेसेजप्रमाणे खातोय, गोळ्या सगळ्या बंद केल्यात आणि आता त्याला जिना चढवत नाही. मग मात्र म्हटलं की नाही, आता एकेक मुद्दा घेऊन लिहायचंच, कितीही लांब झालं तरी.

मेसेज काय आहे ते आधी सांगते, ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी. कोलायटिस, क्रोन्स, आयबीएस हे सगळं एकच, आतड्यात साचलेला आम, म्हणजे न पचलेल्या अन्नाची घाण, आणि गहू हे त्याचं कारण. गहू, दूध, साखर, डाळी, भाज्या, तेल सगळं बंद. ९० दिवस फक्त ताक, तांदळाची पेज, केळं, डाळिंब आणि सकाळी गुळवेल-हळदीचा काढा. सातव्या दिवसापासून गोळ्या बंद करा कारण गोळ्यांनी किडनी जाते आणि आजार दबून राहतो. परदेशात हा डाएट सिद्ध झालाय, डॉक्टर सांगत नाहीत. आपल्या आजोबांना असले आजार नव्हते. आणि शेवटी कुणाचा तरी अनुभव, ‘माझं रक्त ११ दिवसांत थांबलं’.

हे सगळे आजार एकच आहेत?

नाहीत, आणि माझ्या मते सगळा घोळ इथूनच सुरू होतो. आपल्याकडे कोलायटिस हा शब्द कसाही वापरतात बघा, चार दिवस पोट बिघडलं की कोलायटिस, जेवल्या जेवल्या पळावं लागलं की कोलायटिस, जुनी आमांश असेल तरी कोलायटिस. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, जखमा होतात, रक्त जातं. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो, आतड्याच्या पूर्ण जाडीत होतो, आतडं अरुंद होऊ शकतं, भगंदर होऊ शकतो. आयबीएसमध्ये त्रास खरा असतो, खूप असतो, पण सूज नसते, जखम नसते, रक्त जात नाही. सेलिअ‍ॅक हा वेगळाच, त्यात गव्हातल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याचं नुकसान होतं. आणि आपल्या देशात आणखी एक आहे जो विसरून चालत नाही, आतड्याचा टीबी. तो क्रोन्ससारखा इतका हुबेहूब दिसतो की चांगल्या चांगल्या डॉक्टरांनाही बायॉप्सी, म्हणजे आतड्याचा बारीकसा तुकडा तपासायला काढून, कधी कधी आधी टीबीची औषधं देऊन बघावं लागतं. आता सांगा, टीबी असलेल्या माणसाला ९० दिवस पेजेवर ठेवलं तर काय होईल?

म्हणून ‘अमक्याचा कोलायटिस खाण्याने बरा झाला’ असं ऐकलं की माझा पहिला प्रश्न असतो, त्याला नक्की काय होतं? कोलोनोस्कोपी, म्हणजे नळीतून कॅमेरा घालून मोठं आतडं आतून बघणं, ती झाली होती का, बायॉप्सीत काय आलं होतं? बहुतेक वेळा उत्तर येतं की नाही, तशी काही केली नव्हती, डॉक्टरांनी पोट दाबून सांगितलं होतं. आयबीएसवाल्याला दूध-गहू-कांदा कमी केल्यावर छान वाटू शकतं, त्याचं खोटं नाही. फक्त त्याचा अनुभव माझ्या आतड्याला लागू होत नाही.

आतड्यात साचलेला आम

ज्यांची कोलोनोस्कोपी झालीये त्यांना आदल्या रात्रीची ती पावडर आठवत असेल. दोन लिटर पाण्यात कालवायची, दर दहा मिनिटांनी एक ग्लास, खारट-लिंबट चव, मग रात्रभर बाथरूम, आणि सकाळपर्यंत जे पडतं ते नुसतं पिवळसर पाणी. आतडं इतकं स्वच्छ होतं की डॉक्टरांना स्क्रीनवर अस्तराच्या रक्तवाहिन्यासुद्धा दिसतात. माझी आत्तापर्यंत सहा वेळा झालीये. साचलेली घाण हेच कारण असतं तर मी सहा वेळा बरी व्हायला पाहिजे होते. स्क्रीनवर मी स्वतः बघितलंय, तिथे कुठलाही थर नसतो, काळं चिकट काही नसतं, असतं ते लालबुंद, सुजलेलं, हात लावला की रक्त येणारं अस्तर. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटलेली असते. ती का उलटते याचं एकच असं कारण सापडलेलं नाही, जीन्स असतात, आतड्यातले जीवाणू असतात, आजूबाजूचं वातावरण आणि खाणं असतं, सगळं मिळून असतं.

गहू हाच गुन्हेगार, आणि ‘परदेशात सिद्ध झालंय’

हे दोन मुद्दे मी एकत्र घेते कारण त्यांची गोष्ट एकच आहे आणि ती माहिती असायलाच हवी.

न्यूयॉर्कमध्ये सिडनी हास नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. त्या काळी सेलिअ‍ॅक झालेली मुलं सुकून सुकून मरायची आणि का ते कुणालाच कळत नव्हतं. १९२४ मध्ये हासनी लिहिलं की पाव, बटाटा, धान्य बंद करून भरपूर केळी दिली की ही मुलं सुधारतात. खरंच सुधारायची! केळ्यात काहीतरी जादू आहे असं लोकांना वाटलं, पिष्टमय पदार्थ पचत नाहीत हे कारण आहे असं हासना वाटलं. मग दुसरं महायुद्ध आलं, १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेना, आणि विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाच्या लक्षात आलं की बाकी सगळी मुलं उपासमारीने खंगतायत पण सेलिअ‍ॅकची मुलं सुधारतायत, आणि पाव परत मिळायला लागला की परत बिघडतायत. त्यांना गव्हाचा संशय आधीपासून होताच. १९५० मध्ये त्यांनी प्रबंधात मांडलं की गहू हे कारण आहे. म्हणजे केळ्याने कुणी बरं झालंच नव्हतं, केळ्याच्या नादात पाव बंद झाला होता म्हणून मुलं सुधारली होती. आणि यातली वाईट गोष्ट अशी की ‘बरी झाली’ म्हणून ज्या मुलांना पुन्हा पाव सुरू केला, त्यांचं आतडं आतून परत खराब होत राहिलं.

हासनी मात्र आपलं म्हणणं सोडलं नाही. १९५० च्या दशकात एलेन गॉटशॉल नावाची आई आपल्या मुलीला घेऊन त्यांच्याकडे गेली, मुलीला अल्सरेटिव्ह कोलायटिस होता, मुलगी त्या आहाराने सुधारली असं आईने सांगितलं, आणि त्या आईने पुढे स्वतः विज्ञान शिकून त्यावर पुस्तक लिहिलं. तोच हा स्पेसिफिक कार्बोहायड्रेट डाएट. धान्य बंद, साखर बंद, बटाटा बंद, दही २४ तास विरजलेलं. मेसेजमधलं ‘परदेशात सिद्ध’ बहुतेक इथूनच आलंय, फक्त येता येता त्याची पार मोडतोड झालीये, कारण मूळ आहारात तांदूळ चालतच नाही, आणि मटण, मासे, अंडी, भाज्या भरपूर चालतात! म्हणजे ज्याचा दाखला देतायत त्याच्या बरोब्बर उलटं मेसेजमध्ये लिहिलंय.

बरं, त्या आहाराची नीट परीक्षा झाली का? झाली. अमेरिकेत क्रोन्सच्या दोनशेच्या आसपास पेशंटना दोन गटांत विभागून निम्म्यांना हा कडक आहार दिला आणि निम्म्यांना साधा मेडिटरेनियन आहार, ज्यात धान्य, कडधान्य, भाज्या, फळं, मासे, ऑलिव्ह तेल सगळं असतं. २०२१ मध्ये निकाल आला. सहा आठवड्यांनी लक्षणं शांत झालेले लोक कडक आहारात ४६.५ टक्के, साध्या आहारात ४३.५ टक्के. फरक जवळजवळ नाहीच. आणि रक्तातली सूज दाखवणारी सीआरपी, ती तर दोन्हीकडे फारच थोड्या लोकांची खाली आली. म्हणजे इतकं सगळं सोडून, लग्नाकार्यात उपाशी बसून, मिळालं काय? जे पोटभर वरण-भात-भाजी छाप आहाराने मिळालं असतं तेच.

गव्हाबद्दल आणखी एक, आणि हे कृपा करून लक्षात ठेवा. गहू बंद करायच्या आधी सेलिअ‍ॅकची रक्ततपासणी करून घ्या. ती तपासणी गहू खात असतानाच करायची असते, तुम्ही तीन-चार महिने गहू सोडून गेलात तर आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो आणि मग तपासणीसाठी परत आठवडेच्या आठवडे गहू खावा लागतो. सेलिअ‍ॅक निघाला तर गहू जन्मभर बंद, कणभरही नाही. नाही निघाला तर चपातीला घाबरायचं कारण नाही.

पण आहाराने काहीच होत नाही असंही नाही

हे मी मुद्दाम लिहितेय, कारण मेसेजला खोटं पाडायच्या नादात मलाही खोटं बोलायचं नाहीये. लहान मुलांच्या क्रोन्समध्ये तर पहिला उपचार म्हणूनच आहार देतात. सहा ते आठ आठवडे बाकी अन्न पूर्ण बंद आणि फक्त खास तयार केलेलं द्रव अन्न, आणि त्याने सूज उतरवण्याचं काम स्टेरॉइडच्या तोडीचं होतं, वर मुलांचं वजन आणि उंची वाढते. त्यानंतर क्रोन्ससाठीच बनवलेला एक आहार आला, चिकन, अंडी, बटाटा, केळं, सफरचंद असलेला, सोबत थोडं ते द्रव अन्न, २०१९ मध्ये इस्रायल आणि कॅनडातल्या मुलांवरचा त्याचा निकाल चांगला आला. दिल्लीच्या एम्समध्ये २०२२ मध्ये सौम्य ते मध्यम अल्सरेटिव्ह कोलायटिसवाल्यांना निरोगी माणसाच्या मळातले जीवाणू आणि सोबत सूज कमी करणारा आहार असं देऊन बघितलं, त्याचाही फायदा दिसला. मोठ्या आकडेवारीत पाकिटातल्या जास्त प्रक्रिया केलेल्या खाण्याचा आणि या आजारांचा संबंधही दिसलाय, त्या अभ्यासात भारतातलेही लोक होते.

पण यात काय काय होतं ते बघा. द्रव अन्न म्हणजे पूर्ण कॅलरी, पूर्ण प्रोटीन, सगळी जीवनसत्त्वं मोजून दिलेली, उपाशी ठेवणं नव्हे. वजन दर आठवड्याला बघतात. एम्सवाल्या पेशंटची चालू औषधं चालूच होती. आणि जे क्रोन्सला चालतं ते कोलायटिसला तसंच चालेल असं नाही, ते द्रव अन्न एकट्याने अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये तसं काम करत नाही.

आता मेसेजमधल्या ९० दिवसांचा हिशोब मांडू. मी वही घेऊन बसले. दिवसाला सहा ग्लास पातळ ताक, तीन वाट्या पेज, तीन केळी, एक डाळिंब. कसंही धरलं तरी हजार कॅलरीच्या आसपास आणि प्रोटीन २५ ग्रॅमच्या पुढे जात नाही. सूज जागी असताना शरीराला प्रोटीन जास्त लागतं, वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ५५ किलोच्या माणसाला निदान ६६ ग्रॅम. निम्मंसुद्धा नाही! लोह जवळजवळ शून्य, आणि इकडे रोज रक्त जातंय.

माझं रक्त अकरा दिवसांत थांबलं

माझं नऊ दिवसांत थांबलं होतं.

२०१६ मध्ये मी हे केलंय. मेसेज हाच नव्हता पण भाऊबंदच म्हणा, एका शिबिरात एका गृहस्थांनी लिहून दिलेला कागद होता, त्यातही ताक, पेज, फळं आणि ‘औषधं हळूहळू नको, एकदम सोडा’. आई रोज पहाटे उठून हातसडीच्या कण्या शिजवायची, गाळणीतून गाळायची, पितळेच्या वाटीत द्यायची आणि मी संपवेपर्यंत समोर बसायची. नवव्या दिवशी रक्त थांबलं. आम्ही दोघी रडलो. आईने देवापुढे साखर ठेवली, मला चालत नव्हती म्हणून तिनेच खाल्ली. मी दहा जणांना फोन करून सांगितलं की सापडलं, उपाय सापडला. त्यातल्या एकीने माझं ऐकून गोळ्या सोडल्या होत्या, हे मला आजही टोचतं.

मला तेव्हा दोन गोष्टी माहिती नव्हत्या. एक, हा आजार मुळातच येतो-जातो, उसळतो, शांत होतो, परत उसळतो. औषधांच्या चाचण्यांमध्ये ज्यांना नुसती खोटी गोळी देतात त्यांच्यातही साधारण तिघांतल्या एकाला बरं वाटतं आणि दहांतला एखादा तर काही काळ पूर्ण शांत होतो. उसळी आली की माणूस घाबरून काहीतरी सुरू करतो, मग ती आपसूक उतरली तरी श्रेय त्या काहीतरीला जातं. दोन, पोटात जवळपास काहीच टाकलं नाही की जुलाब कमी होणारच, मळच तयार होत नाही. लक्षण गेलं म्हणजे सूज गेली असं नाही. लंडनमध्ये यावर एक छान अभ्यास झालाय, आजार शांत असूनही पोट फुगणं, गॅस असा त्रास असलेल्या पेशंटना कांदा, लसूण, गहू, कडधान्यं कमी असलेला लो फॉडमॅप आहार चार आठवडे दिला, बऱ्याच जणांना बरं वाटलं, पण सुजेच्या तपासण्यांत काहीच फरक पडला नाही. आतलं कळायला मळाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी असते, साध्या डबीत नमुना द्यायचा. ५० च्या खाली असेल तर ठीक, २५० च्या वर गेली तर आत आग आहे असं समजायचं, तुम्हाला कितीही बरं वाटत असू दे. मी तेव्हा ती केलीच नाही, कारण मला ‘बरं वाटत होतं’.

बेचाळिसाव्या दिवशी रात्री परत सुरू झालं. बाथरूमच्या दाराला आतून एक कॅलेंडर टांगलेलं होतं, त्यावर मी पेन्सिलने रेघा मारत गेले, सकाळपर्यंत चौदा झाल्या. पाणी नव्हतं, मळ नव्हता, नुसतं रक्त आणि शेंबूड. वजन ५८ वरून ४६ वर आलेलं, हिमोग्लोबिन ६.८, दोन बाटल्या रक्त चढवलं, पाच दिवस शिरेतून स्टेरॉइड. सर्जन येऊन पोट दाबून गेले आणि भावाला बाहेर नेऊन सांगितलं की अजून दोन दिवस बघू, नाहीतर मोठं आतडं काढावं लागेल. आतडं वाचलं माझं. आईने घरी गेल्यावर ती पितळेची वाटी माळ्यावर टाकली, अजून तिथेच आहे.

गोळ्या बंद करा

हा मेसेजमधला सगळ्यात घातक मुद्दा. मेसालामिन हे आमचं रोजचं औषध, किडनीवर परिणाम होऊ शकतो हे खरं आहे, क्वचित होतो, आणि म्हणूनच वर्षातून एकदा-दोनदा क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट चाललीये का ते दाखवणारी रक्ततपासणी, करतात. तपासणी करा, गोळी सोडू नका. शिकागोतला २००३ चा अभ्यास आहे, कोलायटिस शांत असलेले लोक, त्यातले जे गोळ्या नीट घेत नव्हते त्यांच्यात आजार उलटण्याचा धोका पाचपटीहून जास्त निघाला. आणि सूज वर्षानुवर्षं धुमसत राहिली की मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढतो, त्यासाठीच आजाराला आठ वर्षं झाली की ठरावीक काळाने कोलोनोस्कोपी करायला सांगतात.

स्टेरॉइड, म्हणजे प्रेडनिसोलोन, त्याबद्दल तर हात जोडून सांगते. काही आठवडे ते घेत असाल तर शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीरातलं नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणं कमी करतं, आणि गोळी एकदम सोडली की शरीराकडे काहीच उरत नाही. बीपी पडतं, उलट्या, प्रचंड थकवा, चक्कर, माणूस जाऊ शकतो. ते डॉक्टर सांगतील तसंच पायरी पायरीने उतरवायचं असतं. स्टेरॉइड वर्षानुवर्षं घेणं वाईटच, हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, चेहरा सुजतो, मी भोगलंय. पण त्यावरचा उपाय डॉक्टरला ‘मला यातून बाहेर काढा, दुसरं काय आहे’ असं विचारणं हा आहे.

दूध, हळद, गुळवेल, डाळिंब

हे पटापट घेते. दूध आपल्याकडे बऱ्याच मोठ्यांना पचत नाही, कारण दुधातली साखर पचवणारा पाचकरस वयाबरोबर कमी होतो, त्याचा कोलायटिसशी थेट संबंध नाही. पचत नसेल तर दही-ताक घ्या, पचत असेल तर दूध घ्या, कॅल्शियम लागतंच, स्टेरॉइडवाल्यांना तर जास्त.

हळदीतल्या कर्क्युमिनवर चांगलं काम झालंय, मेसालामिनच्या सोबत रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन दिल्यावर फायदा दिसला. सोबत, गोळी सोडून नाही. आणि हळदीत कर्क्युमिन असतं साधारण ३ टक्के, म्हणजे ३ ग्रॅमसाठी जवळपास १०० ग्रॅम हळद लागेल, काढ्यातल्या चमचाभर हळदीने ते होत नाही. एम्सनेच कमी मात्रेत, दिवसाला ४५० मिलिग्रॅम देऊन बघितलं, फायदा झाला नाही.

गुळवेल मात्र नकोच. कोविडच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा पेशंटमध्ये लिव्हर बिघडल्याचं नोंदवलंय, त्यावर आयुष मंत्रालयाने हरकत घेतली होती हेही सांगते. पण आमची प्रतिकारशक्ती आधीच आमच्यावर उलटलेली, तिला आणखी चेतवणारं काही मी तरी घेणार नाही. याचा अर्थ वैद्य वाईट असा नाही. माझ्या ओळखीचे एक वैद्य आहेत, ते सरळ सांगतात की तुमच्या गोळ्या चालू ठेवा, मी पथ्य आणि झोप बघतो.

डाळिंब आणि पेरूसारख्या बियांचं, सालासकट खायचं फळ, क्रोन्समध्ये आतडं कुठे अरुंद झालं असेल तर अडकू शकतं. पोट दगडासारखं फुगणं, उलट्या, वारा न सरणं, तेव्हा घरी थांबायचं नाही. आणि मेसेज म्हणतो सगळ्यांनी डाळिंब खा.

आजोबांना नव्हते असले आजार

लंडनमध्ये सॅम्युअल विल्क्स या डॉक्टरांनी अल्सरेटिव्ह कोलायटिसचं वर्णन १८५९ मध्ये केलंय, क्रोन्सचं १९३२ मध्ये झालं. स्टेरॉइड यायच्या आधी जोराच्या उसळीत कितीतरी लोक मरायचे. १९५५ मध्ये ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी कॉर्टिसोन हे स्टेरॉइड देऊन मृत्यू कमी होतात हे दाखवलं, तिथून चित्र बदललं. आपल्याकडे आजोबांच्या काळात कोलोनोस्कोपी कुठे होती? ‘हगवण लागून गेला’ एवढंच घरात सांगायचे, माझ्या आजीची एक बहीण तशीच गेली, काय झालं होतं कुणालाच माहिती नाही. आणि हा शहरी लोकांचा फॅन्सी आजार आहे असंही समजू नका, लुधियानाच्या डॉक्टरांनी घरोघरी जाऊन पन्नास हजारांवर लोक तपासले आणि २००३ मध्ये छापलं, लाखामागे ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस. आता वाढतोय हे मात्र खरं, आणि बदललेलं खाणं त्यात असणार हेही मी मान्य करते.

डॉक्टर खाण्याबद्दल सांगत नाहीत

हे बऱ्यापैकी खरं आहे आणि याचा मला रागही आहे. ओपीडीत चार मिनिटं मिळतात, ‘काय खाऊ’ विचारलं की ‘सगळं खा, तिखट नको’. बाहेर आल्यावर माणसाला घरी जाऊन तीन वेळा ताटात काहीतरी घ्यायचं असतं, तिथे त्याला कुणीच मदत करत नाही, आणि ती रिकामी जागा असले मेसेज भरून काढतात. म्हणून आहारतज्ज्ञ मागा, या आजाराची माहिती असलेला मागा. बी१२, लोह, व्हिटॅमिन डी तपासायला सांगा, क्रोन्समध्ये लहान आतड्याचं शेवटचं टोक खराब असेल तर बी१२ खाऊन शोषलंच जात नाही, इंजेक्शन घ्यावं लागतं.

मी काय खाते असं विचारणाऱ्यांसाठी. बरी असताना ज्वारीची भाकरी, चपाती, मुगाचं वरण, दुधी, पडवळ, लाल भोपळा, अंडी, मासे, दही, पिकलं केळं. कच्चा कांदा, मिसळ, भजी मला त्रास देतात म्हणून नाही, माझ्याच आजाराची एक मैत्रीण मिसळ आरामात खाते. उसळी आली की मऊ भात, गाळलेलं वरण, उकडलेला बटाटा, अंडं, पेजसुद्धा, हो, पेजही खाते, पण दोन-चार दिवस आणि त्यात मुगाची डाळ आणि चमचाभर तूप घालून. एका वेळी एकच पदार्थ बंद करून दोन-तीन आठवडे बघते, फरक नाही पडला तर परत सुरू करते. वजन दर रविवारी, गोळ्या रोज.

त्या मुलाचं सांगायचं राहिलं. आत्याला मी त्याच रात्री परत फोन करून सांगितलं की आत्या, आत्ता जा आणि काकूंना विचार तो स्टेरॉइडवर होता का. होता, महिनाभर. त्याला रातोरात त्याच्या डॉक्टरांकडे नेलं, बीपी खूपच कमी होतं, दोन दिवस ठेवून घेतलं. आता गोळी परत सुरू आहे. काकू कुणाशी फारसं बोलत नाहीयेत, आपल्याच हाताने लेकराला उपाशी ठेवलं असं त्यांना वाटतंय, आणि मला माझ्या आईचा चेहरा आठवतो. काल आत्याकडून त्यांनी निरोप पाठवला, डॉक्टर म्हणाले हळूहळू सगळं सुरू करा, पण त्याला अंडं दिलं तर चालेल का. चालेल काकू, नीट उकडून, आणि मऊ भातात कालवून द्या सुरुवातीला.